जवस प्यालेली बंदूक

आंधळगावात धुरपताबाई नावाच्या तीन बायका आहेत. एक पिठाच्या गिरणीवाली, एक देवळामागची आणि एक बंदूकवाली. ही बंदूकवाली माझी सासू. माझं माहेर चिखल्याचं, खाणीच्या कॉलनीतलं. लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी विचारलं, "सासू कशी हाय वो?" मी म्हटलं, "तिच्यापाशी परवान्याची रायफल हाय." पुढं कोणी काही विचारलं नाही. दोघींनी तर माझ्याकडं असं पाहिलं, की या आत्ताच माझ्या तेरवीचा स्वयंपाक ठरवून राहिल्या आहेत असं मला वाटलं.

प्रत्यक्षात सासूबाई जेमतेम साडेचार फूट. वय एकाहत्तर. बंदूक शेजारी उभी केली तर ती त्यांच्या गळ्यापर्यंत येते. ३१५ बोअरची, बोल्ट मागे ओढून एकेक गोळी आत ढकलायची, अशी जुन्या चालीची बंदूक. माझे सासरे चंद्रभान यांनी रानडुकरांपासून धान राखायला घेतलेली. आमचं शेत जंगलाला लागून आहे, आणि डुकरांना आमचं धान स्वतःच्या बापाचं वाटतं.

सासरे वारले त्याला आता तेवीस वर्षं झाली. तेरवीच्या पंगती उठतात न उठतात तोच भाऊबंदांनी बंदुकीचा विषय काढला. बाईच्या जातीनं बंदूक ठेवून काय करायचं, असं एकजण म्हणाला. सासूबाई पत्रावळी उचलत होत्या. त्या म्हणाल्या, "बाप्यायनं ठेवून काय केलं? एक डुक्कर तरी आनलं का घरी?" आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी परवाना आपल्या नावावर करण्यासाठी भंडाऱ्याच्या चकरा सुरू केल्या. अकरा चकरा झाल्या. शेवटच्या चकरेला साहेबांनी विचारलं, "बाई, नेम लागतो का?" सासूबाई म्हणाल्या, "साहेब, डुकराले आवाज लागते. नेम कायले पायजे?" साहेब हसला आणि त्यानं सही केली. पण तिथल्या बाबूनं व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं होतं. सासूबाईंनी ते खोडून 'शेतकरी' लिहून घेतलं, तेव्हाच त्या खुर्चीवरून उठल्या.

ते परवान्याचं पुस्तक म्हणजे त्यांचा जीव. पाहुणे आले की लोक लग्नाचा अल्बम काढतात, आमच्याकडं हे पुस्तक निघतं. सातबारावर सासूबाईंचं नाव दिरांच्या खाली, मुलाच्या वर, मध्येच कुठंतरी. मतदार यादीत त्या चंद्रभानची बायको. या पुस्तकात मात्र त्या एकट्याच आहेत, फोटोसकट, आणि सरकारनं त्यांना शेतकरी म्हटलेलं आहे. त्यांना वाचता येतात ते आकडे आणि स्वतःचं नाव. पण त्या पुस्तकातल्या कोणत्या पानावर कोणता शिक्का आहे ते त्यांना तोंडपाठ आहे.

बंदूक चालवली म्हणाल तर तीनदा. पहिल्या गोळीनं आमच्याच शेतातलं बुजगावणं मेलं. दुसरी मोटारपंपाच्या टिनाच्या खोलीतून आरपार गेली. पावसाळ्यात त्या भोकाखाली आम्ही अजून डबा ठेवतो. तिसरी एकोणीस वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावर गावात अजून वाद आहे. सासूबाई म्हणतात डुकराला लागली, ते जंगलात जाऊन मेलं. गाव म्हणतं, ते डुक्कर म्हातारं होऊन, नातवंडं पाहून मेलं. तिच्यानंतर सासूबाईंनी गोळी झाडली नाही. पण बंदुकीला घरातल्या दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही तो नाहीच. नियम साधा होता. परवाना जिच्या नावाचा, हात तिचा.

खरं सांगते, मला त्या बंदुकीचा राग होता. दसऱ्याला पूजेत पहिला मान तिचा. पाटावर मधोमध बंदूक, मग नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड आणि माझी शिलाई मशीन पार शेवटी, भिंतीला टेकून. ज्या मशीनवर मी अर्ध्या गावाचे ब्लाउज शिवते तिला एक बोट कुंकू, आणि जी एकोणीस वर्षं बसून खाते तिला पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, वर नारळाचं पाणी आणि शेवटी घरच्या जवसाच्या तेलाचं मालिश! सुनेला कधी डोक्याला तेल लावून विचारलं नाही.

या कार्तिकात ठाण्याचा कागद आला. नवे साहेब कडक होते. आजवर तपासणी कागदावरच व्हायची. निवडणुकीत बंदूक जमा करायची तेव्हाही शिपाई ती फडक्यात गुंडाळलेलीच मोजून घ्यायचा. आता मात्र लिहिलं होतं, की येत्या सोमवारी शस्त्र घेऊन स्वतः हजर व्हावं. शस्त्र चालू स्थितीत असावं, त्यावरचा नंबर परवान्याशी जुळावा, नाहीतर परवाना रद्द करण्यासाठी वर कळवण्यात येईल. मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं. हातात आठ दिवस होते.

माझा नवरा वीरेंद्र म्हणजे भांडण सुरू होण्याआधीच माफी मागून मोकळा होणारा माणूस. तो म्हणाला, "माय, जमा करून टाकू ना. आता डुकरायसाठी कुंपनाच्या तारेले झटका मशीन लावली आपन. बंदुकीचं काय काम हाय?"

"बंदूक जमा करू," सासूबाई म्हणाल्या, "मंग माहं नाव बी जमा करून येऊ का?"

वीरेंद्र लगेच म्हणाला, "तसं नाई म्हनलो मी." आणि आपल्या दुकानाकडं गेला.

सासूबाईंनी धानाच्या कोठीतून बंदूक काढली. मागं शेजारी चोरी झाली तेव्हापासून ती तिथंच होती, जुन्या लुगड्यात गुंडाळून धानात पुरलेली. दसऱ्याला वर यायची, तेल पिऊन पुन्हा खाली जायची. अंगणात खाटेवर लुगडं उलगडलं आणि आम्ही दोघी खाली वाकलो. नळीवर गंज होता, दसऱ्याला तेलाच्या चकाकीत कधी न दिसलेला. तोही कसा? पाच बोटांचे पाच ठिपके, मध्ये हळदीचे, बाजूला कुंकवाचे, जिथं जिथं पूजा झाली तिथं तिथं. खाली नारळाच्या पाण्याचा ओघळ गेला होता, तिथं गंजाचाही ओघळ. बोल्टवर तपकिरी रंगाचा जाड थर चढलेला. सासूबाईंनी बोल्टची मूठ धरून ओढली. ढिम्म. दोन्ही हातांनी ओढली. ढिम्म. मग पाय खाटेच्या माच्याला लावून ओढली, तेव्हा खाट सरकली.

वीरेंद्रनं नागपूरच्या बंदुकीच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, आणून टाका, महिन्यानं मिळेल. वीरेंद्र फोन ठेवून म्हणाला, "हातोडा आनू का?" सासूबाईंनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो पुन्हा दुकानाकडं गेला.

"तुलाराम भाऊजीले बोलाव," त्या मला म्हणाल्या.

तुलारामकाका आमच्या दोन गल्ल्या पलीकडं राहतात. हातमागाचे कारागीर. गावात घरोघरी माग होते तेव्हा त्यांना जेवायला सवड नसायची. आता माग थोडे उरले, म्हणून ते शिलाई मशीन, फवारणीचे पंप, टेबलफॅन, जे येईल ते दुरुस्त करतात. माझी मशीन त्यांच्याच भरवशावर चालते. सासऱ्यांचे जुने दोस्त. पण बंदूक म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. जवानीत त्यांनी कोणाच्या तरी बंदुकीचा घोडा बसवून दिला होता. बंदूक बिनपरवान्याची निघाली, आणि त्या माणसाबरोबर यांनाही तीन दिवस ठाण्यात बसवलं. तेव्हापासून ते दसऱ्याला आमच्याकडं सोनं द्यायला आले तरी पाटाकडं पाठ करून बसतात.

ते आले, पण दारातच थांबले. "वयनी, मी हात लावनार नाई. आधीच सांगतो."

"तुमाले कोन लावू देते?" सासूबाई म्हणाल्या. "तुमी फक्त सांगा. हात माहे हायेत ना."

मग तुलारामकाका खाटेसमोर स्टुलावर बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. पुढचे सहा दिवस आमच्या अंगणात हेच दृश्य होतं. अक्कल स्टुलावर, हात खाटेवर, आणि मी मध्ये चहा, पाणी आणि चिंध्या पुरवायला. कारागिराचे हात ते, ऐकतात थोडेच? बोलता बोलता एखादा हात मांडीखालून निसटून बंदुकीकडं जायचा. सासूबाई ओरडायच्या, "भाऊजी, ठाना!" हात पटकन परत मांडीखाली.

पहिली गोष्ट, आत गोळी आहे की नाही. "नाई हाय," सासूबाई म्हणाल्या. काका म्हणाले, "वयनी, भरोसा तुमच्यावर हाय, बंदुकीवर नाई." त्यांनी नळीचं तोंड कोठीच्या मातीच्या भिंतीकडं करायला लावलं, आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं आणि मागाची बांबूची बारीक कामटी नळीत घालायला लावली. कामटी चार बोटं गेली आणि अडली.

मी देवाचं नाव घेतलं. काका स्टुलासकट दोन हात मागे सरकले. सासूबाईंनी मात्र कामटी गोल फिरवून बाहेर काढली. टोकाला पिवळी माती. कुंभारमाशीनं नळीच्या तोंडात घर बांधलं होतं. ते कोरून काढलं, नळी झटकली, तेव्हा आतून मूठभर माती आणि सात-आठ धानाचे दाणे पडले. कामटी पुन्हा घातली तशी ती सरळ बोल्टपर्यंत गेली. काकांनी बाहेरून मोजायला लावलं. "अर्धं बोट कमी. गोळी नाई. असती तं तीन बोटं कमी भरली असती." मग ते घाम पुसायला हात काढणार होते, पण धीर झाला नाही. मीच पदरानं त्यांचं कपाळ पुसलं.

आता बोल्ट. रॉकेल झालं, मशीनचं तेल झालं, काही होईना. काकांनी मान खाली घालून बोल्टजवळ नाक नेलं. "वास घ्याले लायसन नाई लागत," असं स्वतःलाच बजावलं. दोनदा हुंगलं. आणि विचारलं, "वयनी, कोनतं तेल लावता?"

"आपल्या घरचं, जवसाचं. दर दसऱ्याले. धानात पेरतो ना, त्याच जवसाचं, घान्यावरून काढलेलं." सासूबाईंच्या आवाजात अभिमान होता.

काकांनी कपाळाला हात लावला. पहिल्यांदाच त्यांना हात मोकळा केल्याचं भान राहिलं नाही. "अरे बाप्पा! वयनी, मागाच्या लाकडी धोट्याले पाजतेत जवसाचं तेल. लाकूड ते पेते अन् दगडावानी मजबूत होते. लोखंड थोडीच पेते? तेल वरच वाळते, लाखेवानी. तुमच्या तेलानंच जाम झाली हे बंदूक. तेवीस थर हायेत हे."

सासूबाईंनी बंदूक लुगड्यात गुंडाळली, काकांना म्हणाल्या, "चहा घेऊन जा," आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडं तोंड करून बसलेल्या. म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यायनं बारा वरस जपली. मी माह्याच हातानं मारली."

चौदा वर्षांत मी त्यांना कशावर हरताना पाहिलं नव्हतं. भाजीवाल्याशी नाही, तलाठ्याशी नाही, माझ्याशी तर नाहीच. मला इतका राग आला, की विचारू नका. बंदुकीचा नाही. तुलारामकाकांचा. सकाळी उठले ती सरळ त्यांच्या दारात.

"काका, तुमाले कळते का काही? इलाज सांगाचा तं सांगाचा, नाई तं तोंड बंद ठेवाचं. म्हातारी रातभर जेवली नाई. तिनं काही जहर लावलं होतं का बंदुकीले? तेलच लावलं ना? प्रेमानंच लावलं ना?"

काका ओट्यावर बसून एक जुना धोटा उकळत्या पाण्यात बुडवत होते. धोट्याच्या लोखंडी टोकावर जवसाचं तेल वाळून बसलेलं. शेजारी धुण्याच्या सोड्याची पुडी. त्यांनी धोटा वर काढला, चिंधी फिरवली आणि थर साबणासारखा निघून आला. "ओरडून झालं का, बाई?" ते म्हणाले. "मीही रातभर हेच करून राहिलो. चाल, पानी ठेव चुलीवर."

माझं ओरडणं अजून अर्धं बाकी होतं, पण ते मी राखून ठेवलं.

मग काम सुरू झालं. सोड्याचं कडकडीत पाणी. लाकडी दस्त्यावर प्लास्टिक गुंडाळलं, कारण सोडा लाकडाला खातो. बोल्टभोवती चिंध्या बांधल्या आणि मी वरून पळीनं पाणी ओतायचं. ओतायला परवाना लागत नाही, असा निकाल काकांनी दिला होता. पण चिंधी फिरवायची ती सासूबाईंनीच. वातानं त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली, वरून गरम पाणी. मी म्हटलं, "आई, द्या ना जरा इकडं, कोन पाहून राह्यलं इथं?" तर म्हणाल्या, "मी पाहून राह्यली ना." मी चूल जास्त पेटवली आणि आणखी पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिंधीखाली काहीतरी चमकलं. नळीच्या बुडाशी, जिथं थर सगळ्यात जाड होता, तिथं आकडे होते. काकांनी चष्मा लावला, पण लांबूनच. "वयनी, वाचा. स्वाती, तू पुस्तक घे."

मी परवान्याचं पुस्तक उघडून बसले. सासूबाई एकेक आकडा बोटानं घासून वाचत होत्या, मी पुस्तकात पाहून "हो" म्हणत होते. चार. हो. एक. हो. सात. हो. शून्य. हो. पाचव्या आकड्याशी त्या थांबल्या. "तीन हाय का आठ हाय?"

पुस्तकात आठ होता. मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं ते मला अजून कळत नाही. बहुतेक मला तो त्यांच्याच तोंडून ऐकायचा होता. त्यांनी चिंधीचं टोक पिळून बारीक केलं, नखावर गुंडाळलं, आणि हळूहळू घासत राहिल्या. तुलारामकाका श्वास रोखून, हात मांडीखाली. सासूबाई म्हणाल्या, "आठ."

"हो!" मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या कुंताबाई कुंपणावरून डोकावल्या. त्यांना वाटलं माझ्या पायावर पाणी सांडलं.

काका आकड्यांकडं पाहत राहिले. आकडे काल कोरल्यासारखे स्वच्छ होते. मग त्यांनी नळीवरच्या गंजाकडं पाहिलं, पुन्हा आकड्यांकडं पाहिलं. "वयनी," ते म्हणाले, "मी परवा बोललो ते अर्धंच बोललो. जिथं हळदकुंकू लागलं तिथं गंज चढला. जिथं तुमी तेल चोळलं तिथं गंज शिरलाच नाई. ते तेल नसतं तं नंबर गंजानं कवाचाच खाऊन टाकला असता."

सासूबाईंनी चिंधी खाली ठेवली. "म्हनजे जाम झाली ते बी माह्याच तेलानं, अन् वाचली ते बी माह्याच तेलानं?"

"हो."

"मंग आता भांडू कोनासंग?" त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या. त्या संध्याकाळी दोन वाट्या भात जास्त खाल्ला.

बोल्ट उघडला तो शुक्रवारी. आणखी एक पातेलं सोडा पाणी, मग मशीनच्या तेलाचे चार थेंब, मग काकांच्या सांगण्यावरून लाकडी ठोकळ्यानं मुठीवर वरच्या बाजूला हलकेच ठोके. सातव्या ठोक्याला खट्ट. सासूबाईंनी बोल्ट मागे ओढला आणि आतून एक पितळी पुंगळी उडून माझ्या चहाच्या कपात पडली. तिसऱ्या गोळीची. एकोणीस वर्षं ती आतच बसून होती; मापात कमी भरलेलं अर्धं बोट तिचंच. मला वाटलं काका काही बोलतील, पण सासूबाईंनी आधीच विचारलं, "भाऊजी, पुंगळी पाहून समजते का, डुकराले लागली का नाई ते?" काकांनी पुंगळी लांबूनच खूप वेळ पाहिली. "लागली," ते म्हणाले. असा दोस्त सगळ्यांना मिळो.

शनिवार-रविवार नळीच्या गंजात गेले. मी भांडी घासायची तार आणली तर काका किंचाळले, तार लोखंड ओरबाडते. त्यांनी घरून तांब्याचा जुना भोकाचा पैसा आणला. तेल लावायचं आणि पैशाच्या कडेनं हळूहळू घासायचं. तांबं नरम, गंज खरवडतं, लोखंडाला धक्का लावत नाही. सासूबाईंनी पाचही ठिपके घासले. डाग उरले, पण गंज गेला. मग नळीतून दोरीला बांधलेल्या चिंध्या ओढल्या, शेवटची चिंधी पांढरी आली तेव्हा काकांनी सुट्टी दिली. तेल लोखंडाला फक्त मशीनचं, थेंबभर. जवस फक्त लाकडी दस्त्याला. हे त्यांनी सासूबाईंकडून तीनदा म्हणवून घेतलं, पाढे घोकल्यासारखं.

सोमवारी सासूबाईंनी नऊवारी बदललं, बंदूक धुतलेल्या लुगड्यात गुंडाळली आणि आम्ही पायीच ठाण्यात निघालो. वीरेंद्रनं मोटारसायकल काढली होती, पण त्या म्हणाल्या, खड्ड्यात आपटली तर? बाजारातून जाताना सगळे विचारत होते, काय घेऊन चालल्या? त्या म्हणायच्या, "नातू." वीरेंद्र मान खाली घालून चालत होता.

तपासणी घनश्याम हवालदाराकडं होती. धिप्पाड माणूस, आवाज बसलेला. त्यानं कागद पाहिला, मग वीरेंद्रकडं पाहून म्हणाला, "हां, बोल्ट उघडून दाखवा."

वीरेंद्र दोन पावलं मागे सरकला. सासूबाईंनी टेबलावर लुगडं उलगडलं, नळी भिंतीकडं केली, बोल्ट उचलला, ओढला आणि रिकामं घर दाखवलं. पाचही आकडे स्वतः मोठ्यानं वाचले. हवालदार पुस्तकात पाहून माना डोलावत होता. शेवटी त्यानं शिक्का मारला. मला वाटलं झालं. मी लुगडं घडी करायला घेतलं.

"आजी," हवालदार म्हणाला, "सत्तरीच्या वर गेल्या तुमी. आता वारसाच्या नावानं अर्ज करता येते. जितेपणीच करून ठेवा, मागून घरच्यायले तरास नाई. लिहू का? वीरेंद्र चंद्रभान..." आणि त्यानं पेन टेकवलंसुद्धा.

"थांब, बाप्पा," सासूबाई म्हणाल्या. "त्याचं नोको लिवू. इचं लिव." आणि माझ्याकडं बोट केलं.

वीरेंद्र म्हणाला, "माय?"

"तू चांगला हायेस रे, बाबू," त्या म्हणाल्या, "पन तुह्या हाती देली तं तू उद्याच जमा करून येशीन. इच्या हाती देली, तं कोनी घेऊन दाखवा."

ठाण्यातले दोन शिपाई हसले. वीरेंद्रही हसला, जरा उशिरानं, आणि त्यानं खुर्ची माझ्याकडं सरकवली. हवालदारानं मला विचारलं, "सूनबाई, चालवता येते का?"

"नाई," मी म्हटलं. ज्या बंदुकीला मी चौदा वर्षं शिव्या दिल्या, ती मला नको होती आणि आता कोणाला देणारही नव्हते. एवढी माझी किंमत या घरात कोणीतरी मनात धरून बसलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता.

"चालवाचं काय," सासूबाई म्हणाल्या, "मले बी कुठं येते? तू नाव लिव."

हवालदारानं नाव विचारलं. मी सांगितलं, माझं आख्खं नाव, आणि तो एकेक अक्षर लिहीत गेला. मग तिथंच, ठाण्याच्या फरशीवर, मी सासूबाईंच्या पाया पडले. सणावाराला चौदा वर्षं पडत आले होते, रीत म्हणून. त्या दिवशी रीत म्हणून नाही पडले.

सासूबाईंनी सुजल्या बोटांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि म्हणाल्या, "उठ आता. मागं लोकं लायनीत उभे हायेत."